वेणी घालता येते का?

कर्करोग झालेल्या माणसाचं जगणं कसं चाललं आहे हे मोजण्यासाठी युरोपातल्या संशोधकांच्या एका गटाने 1993 साली तीस प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. आज ती जगभरच्या रुग्णालयांत वापरली जाते. मराठीतही ती आहे. पहिलाच प्रश्न जड पिशवी किंवा सूटकेस उचलण्याचा. असली मेहनतीची कामं करताना त्रास होतो का? पुढे लांबवर चालण्याबद्दल, घराबाहेर थोडंसं पाऊल टाकण्याबद्दल, दिवसा पडून राहावं लागतं का याबद्दल विचारलं जातं. स्तनाच्या कर्करोगासाठी तिला एक पुरवणी जोडलेली आहे आणि तीत हाताबद्दल तीन प्रश्न आहेत. हात किंवा खांदा दुखतो का, हात सुजतो का, वर किंवा बाजूला नेताना अडतो का.

प्रश्न चांगले आहेत. पण ते ‘जमतं का, त्रास होतो का’ या जातीचे आहेत. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या आपल्याकडच्या बाईपुढे बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो : करू देतात का? आणि काही आठवड्यांनी त्याच्या नेमका उलटा : न करून चालतं का? सुरुवातीला तिला पाण्याचा तांब्याही उचलू दिला जात नाही. ‘आई, तू हात हलवू नकोस’, ‘वहिनी, तुम्ही बसा, मी बघते.’ मग कुणीही न ठरवता एक दिवस कणकेची परात तिच्यापुढे येते आणि त्यानंतर ती तिथेच राहते. आराम आणि काम, या दोनच खोल्या तिला ठाऊक असतात, आणि कुठल्या खोलीत कधी जायचं हे दुसरं कुणीतरी ठरवतं. व्यायाम या दोन्हींत बसत नाही. तो उपचाराचा भाग आहे; त्याला औषधासारखी मात्रा आहे, सुरू करण्याची वेळ आहे, शिकवणारं माणूस लागतं. आपण मात्र त्याला निरोपाच्या सल्ल्याची किंमत दिली आहे. ‘जपून राहा, थोडं चालत जा.’ माझा आक्षेप या वाक्याला आहे.

हाताचा विसर पडण्याला जुना इतिहास आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातला शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड याने 1894 मध्ये आपल्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष मांडले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं एकत्र काढायचं. त्या काळी बायका डॉक्टरपर्यंत पोहोचायच्या तेव्हा गाठ फार वाढलेली असे, आणि त्याच जागी रोग उलटण्याचं प्रमाण या पद्धतीने खरंच घटलं. हॉल्स्टेडला नुसता खलनायक करून भागणार नाही. पण स्नायू गेलेल्या त्या बाजूचा खांदा आखडायचा, छाती खोल जायची, हात सुजून जड व्हायचा. जीव वाचला ना, मग हाताचं काय घेऊन बसायचं, हा हिशेब पुढची पाऊणशे-ऐंशी वर्षं कुणी फारसा तपासला नाही. तो तपासला इटलीतल्या उम्बेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशर यांनी, 1970 च्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांतून. गाठ आणि भोवतालचा भाग काढून रेडिएशन दिलं तरी संपूर्ण स्तन काढलेल्या बायकांइतक्याच बायका जगतात, हे दोघांच्याही वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून 2002 मध्ये पक्कं झालं. काखेच्या बाबतीतही तसंच घडलं. आता आधी रोग जिथे पोहोचण्याची शक्यता सर्वांत जास्त अशा पहिल्या एक-दोन गाठी तपासतात आणि त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत.

शस्त्रक्रिया आखडती झाली, भीती मात्र हॉल्स्टेडच्या काळातलीच राहिली. शिवाय लहान शस्त्रक्रियेचा लाभ सगळ्यांना सारखा मिळत नाही. भारतात 2022 या एका वर्षात सुमारे 1,92,000 स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि सुमारे 98,000 स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्या बायका पाश्चात्त्य बायकांपेक्षा सरासरी दहाएक वर्षं लहान वयात या रोगाला सामोऱ्या जातात आणि दवाखान्यात पुष्कळ उशिरा येतात. दुखणं अंगावर काढण्याची सवय, दुसरं काय! गाठ दुखत नाही, म्हणून ती कुणाला सांगायचीही गरज वाटत नाही. उशीर झाला की काख पूर्ण साफ करावी लागण्याची शक्यता वाढते. काख पूर्ण साफ केलेल्या साधारण पाच स्त्रियांतल्या एकीला पुढे हाताला कायमची सूज येते. पहिल्या एक-दोन गाठींवरच थांबलेल्यांत हे प्रमाण वीसातली एक इतकं खाली येतं. म्हणजे ज्यांना व्यायाम शिकवणारं माणूस सर्वांत जास्त हवं, त्याच बायका त्या माणसापासून सर्वांत लांब राहतात. विदर्भातल्या खेड्यातून परळच्या टाटा रुग्णालयात आलेल्या, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्‌महिने दिवस काढून गावी परतलेल्या बाईचे टाके निघाले, केमो झाली, रेडिएशन झालं, की तिच्या हाताचं पुढे काय झालं हे बघायला तिथे कोण आहे?

ही सूज येते कशी, ते थोडं समजून घ्यायला हवं, कारण सगळी भीती तिथेच आहे. आपल्या ऊतींमधलं जादा द्रव गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक वाहिन्यांचं एक जाळं शरीरात असतं. हातातल्या या वाहिन्या काखेतल्या गाठींमधून जातात. गाठी काढल्या किंवा रेडिएशनने तिथले पदर कडक झाले की वाट अरुंद होते आणि द्रव हातात साचू लागतं. इथवर ऐकलं की मनात सरळ निष्कर्ष उमटतो : हाताला कष्ट दिले, रक्त जास्त धावलं, तर द्रव वाढणार, तेव्हा हात स्वस्थ ठेवा. डॉक्टरांनीही अनेक दशकं हेच सांगितलं. पाच-सहा किलोपेक्षा जास्त उचलू नका, मूल कडेवर घेऊ नका, पिशवी दुसऱ्या हातात धरा. तर्क सुबक होता, फक्त कुणी तो तपासून पाहिला नव्हता. आणि त्यात एक गोष्ट सुटली होती. रक्ताला पुढे ढकलायला हृदय असतं. या द्रवासाठी तसा मध्यवर्ती पंप नाही. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन आणि भोवतालच्या स्नायूंचा दाब, यांवर ते सरकतं. स्नायू हललेच नाहीत तर द्रव जाणार कुठे?

व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रीडावैद्य डॉन मॅकेन्झी यांनी 1996 मध्ये हा तर्क सरळ पाण्यात उतरवला. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या चोवीस स्त्रियांना त्यांनी ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. ड्रॅगन बोट म्हणजे वीस जणांनी एका ठेक्यात वल्ही मारायची चिनी परंपरेतली लांब होडी. खांदे, दंड, पाठ यांचा कस पाहणारा प्रकार. ज्या हाताला पिशवीही नको म्हणत होते, त्या हाताने सबंध मोसमभर वल्हं मारायचं. आधी तब्येत हळूहळू कमावून घेतली, मग होडी. नव्याने कुणाचा हात सुजला नाही आणि ज्यांचा आधीच सुजलेला होता त्यांचा वाढला नाही. दोन वर्षांनी त्यांनी हे कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. चोवीस जणींचा अनुभव हा पुरावा म्हणून तोकडाच, पण प्रश्न उलटा करायला तो पुरला.

पक्का पुरावा पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या कॅथरिन श्मिट्झ यांनी आणला. हाताला आधीच सूज असलेल्या 141 स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाने वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. सुरुवात अगदी हलक्या वजनाने, पहिले तीन महिने शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, हाताला घट्ट स्लीव्ह घालून, आणि काही त्रास नसेल तरच थोडं थोडं वाढवत. दुसऱ्या गटाने नेहमीचं जगणं चालू ठेवलं. 2009 मध्ये निष्कर्ष आले. वजनं उचलणाऱ्यांत सूज बिघडण्याचे प्रकार 14 टक्के, न उचलणाऱ्यांत 29 टक्के. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, अजून सूज न आलेल्या पण धोका असलेल्या 154 स्त्रिया होत्या. पाच किंवा जास्त गाठी काढलेल्यांचा हिशेब वेगळा केला तेव्हा वजनं उचलणाऱ्यांतल्या 7 टक्के स्त्रियांना सूज आली, इतरांत 22 टक्के. या आकड्यांना आता पंधरा-सोळा वर्षं झाली. तरीही मराठी घरात ‘जड उचलू नकोस’ हे वाक्य जसंच्या तसं ऐकू येतं, आणि ते सांगणारा कधी कधी डॉक्टरच असतो.

मनाईची आणखी एक यादी आहे. त्या हातावर सुई नको, बीपीचा पट्टा नको, विमानप्रवास नको. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात 632 रुग्ण स्त्रियांचे हात वर्षानुवर्षं मोजून 2016 मध्ये जे समोर आलं ते असं : सुई, पट्टा, विमान यांचा सुजेशी संबंध दिसला नाही, त्वचेत झालेला जंतुसंसर्ग आणि वाढलेलं वजन यांचा दिसला. सुई दुसऱ्या हाताला घेता येत असेल तर खुशाल घ्यावी, त्यात नुकसान काही नाही. पण बाईने घाबरायचंच असेल तर विळीला घाबरावं, फोडणीच्या तेलाला, तासन्‌तास ओल्या राहणाऱ्या बोटांच्या चिरांना. भांडी घासताना हातमोजे घाला, कापलं तर लगेच धुऊन मलम लावा, हात लाल आणि गरम झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, हे रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर ठळक यायला हवं.

आता घराकडे वळू. ‘दिवसभर घरात राबते, तोच माझा व्यायाम’ हे विधान मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याला मान देऊनच उत्तर दिलं पाहिजे. राबणं खरंच आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर पाहणीनुसार बिनपगारी घरकामात भाग घेणारी बाई दिवसाकाठी सरासरी 289 मिनिटं त्यात घालवते. असं काम करणारा पुरुष 88 मिनिटं. पावणेपाच तासांहून जास्त वेळ हात चालतोच आहे, मग आणखी काय हलवायचं?

उत्तर हाताच्या उंचीत आहे. पोळ्या लाटणं, भाजी चिरणं, भांडी घासणं, केर काढणं, ही सगळी कामं खांद्याच्या खाली होतात. खांदे पुढे झुकलेले, छाती आवळलेली, एकच हालचाल शेकडो वेळा. छातीवरच्या व्रणाला आणि काखेतल्या ताठलेल्या दोऱ्यांना (काही जणींना काखेतून कोपरापर्यंत खरंच दोरी ओढल्यासारखा ताण जाणवतो) नेमकी याच स्थितीत राहायची इच्छा असते. घरकाम त्यांना तिथेच ठेवतं. वजनही कधी वाढत नाही. परात आज जेवढी जड, तेवढीच वर्षभराने. स्नायूला बळ येतं ते बेताबेताने चढत जाणाऱ्या भाराने, आणि सांधा मोकळा होतो तो रोज थोडं जास्त पलीकडे गेल्याने. घरकामाला या दोन्हींशी देणंघेणं नाही, त्याला स्वयंपाक वेळेवर हवा. चाळीतल्या बायका छताजवळच्या दोरीवर काठीने कपडे वाळत घालत, ते त्यातल्या त्यात खांद्याच्या फायद्याचं काम. पण जिथे मशीन आणि खाली घेता येणारं स्टँड आलं तिथून तेही गेलं. पाण्याचा हंडा कमरेवर आणणाऱ्या बाईचं उलट आहे. तिच्यावर भार पडतो, पण एकदम आणि पुरा. शिकून, वाढवत नेलेला भार सूज रोखायला मदत करू शकतो. तयारी नसलेल्या हातावर अचानक पडलेला भार त्रास देऊ शकतो. ‘जड उचलू नकोस’ ऐकून वर्षभर हात गळ्यात बांधल्यासारखा ठेवलेल्या बाईला मग उन्हाळ्यात नळ गेला की हंडा उचलावाच लागतो. मनाईने तिचा हात वाचवलेला नसतो, कमजोर केलेला असतो.

म्हणून मला युरोपच्या त्या प्रश्नावलीत आपले दोन-तीन प्रश्न घालावेसे वाटतात. वेणी घालता येते का? त्यासाठी दोन्ही हात डोक्यामागे जाऊन तिथे काही मिनिटं टिकावे लागतात. नऊवारीचा काष्टा मागे खोचता येतो का? त्यासाठी तळवा पाठीकडे वळून कमरेशी पोहोचावा लागतो. फडताळावरचा डबा, बसमधला वरचा दांडा. यातली एकेक गोष्ट खांद्याची एकेक दिशा तपासते, आणि ज्या बाईला अंशांचं माप कळत नाही तिला आपण कुठे अडलो आहोत हे इथे बरोबर कळतं. आणि प्रश्न फक्त खांद्याचा नाही. रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या हार्मोनविरोधी गोळ्यांनी सांधे ठणकू लागतात, हाडं विरळ होऊ लागतात. काही जणी त्या ठणक्याला कंटाळून गोळ्याच बंद करतात. तिथेही चालणं आणि वजनं यांनी ठणका कमी होतो, हे 121 स्त्रियांवरच्या अमेरिकी चाचणीत दिसलं आहे. मग व्यायामाने गोळी चालू ठेवायलाही मदत होत असेल, अशी फार तर आशा धरता येते.

करायचं काय, ते गूढ नाही. ऑपरेशननंतर ड्रेनची नळी आहे तोवर बोटं, मनगट, कोपर हलवत राहायचं, श्वास खोल घ्यायचा, हात खांद्याच्या रेषेपर्यंतच. फार लवकर फार वर ताणलं तर जखमेतून पाणी जास्त दिवस झरतं. फार उशीर केला तर खांदा धरतो. नळी निघाली की भिंतीसमोर उभं राहून बोटं वर चालवत न्यायची आणि जिथे पोहोचली तिथे पेन्सिलीने खूण करायची. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला वर न्यायचं. पुढे चालणं, मग वजनं, आणि वजनांच्या जागी वाळू भरलेल्या बाटल्याही चालतात. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी 2019 मध्ये सुचवलेली मात्रा माफक आहे : थोडा दम लागेल असं अर्धा तास चालणं आठवड्यातून तीनदा आणि स्नायूंचे व्यायाम दोनदा. ब्रिटनमधल्या सतरा रुग्णालयांत, खांद्याचा धोका जास्त असलेल्या 392 स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत फिजिओथेरपिस्टने सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास भेटून व्यायाम शिकवले आणि पुढे मोजक्या भेटींतून पाठपुरावा केला. दुसऱ्या गटाला फक्त माहितीची पत्रकं दिली. वर्षभराने शिकवलेल्या गटाचे हात जास्त चांगले चालत होते, दुखणं कमी होतं, आणि खर्चही वाढला नव्हता. पत्रक आणि माणूस यांतला फरक इतका साधा आहे. आपल्याकडे निदान पत्रक तरी मिळतं म्हणून समाधान मानणाऱ्यांनी या निष्कर्षाकडे बघावं.

थकवा हा या सगळ्यातला सर्वांत फसवा भाग. केमोनंतरचा थकवा झोपून जात नाही. तो कामाने आलेला नसतो, त्यामुळे विश्रांतीने फिटतही नाही. घरच्यांना वाटतं तिला पडू द्यावं, तिलाही तेच वाटतं, आणि पडून पडून स्नायू आणखी ढिले होतात, मग जिना चढला तरी छाती भरते, मग आणखी पडायचं. या थकव्यावर जे काही उपाय तपासले गेले आहेत त्यांत व्यायामाची बाजू सर्वांत भक्कम आहे. हे सांगितलं की थकलेल्या बाईला राग येतो, आणि तो योग्यच आहे. जिला ताट उचलवत नाही तिला चालायला जा म्हणणं क्रूर वाटतं. पण दहा मिनिटं चाला, परत या, उद्या पुन्हा, असं सांगणारं कुणीतरी सोबत असेल तर गोष्ट बदलते. मॅकेन्झींची होडी याही कारणाने चालली असावी. तिथे एका होडीत वीस जणी असत, आणि दुसरीचा वल्ह्याचा ठेका चुकू नये म्हणून पहिलीला यावंच लागे.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांशी मला भांडायचं आहे. व्यायामाचे प्रचारक बोलता बोलता जगण्यामरण्यावर येतात. व्यायाम करा, रोग उलटणार नाही. 2005 मध्ये अमेरिकेतल्या 2,987 रुग्ण परिचारिकांच्या माहितीवरून असं दिसलं, की आठवड्याला तीन ते पाच तास चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं. पण ज्यांची तब्येत मुळात बरी त्याच जास्त चालू शकत असतील, ही शंका अशा पाहणीतून पुरती जात नाही. 2025 मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवलं की शस्त्रक्रिया आणि केमोनंतर शिस्तीत व्यायाम करणाऱ्यांत रोग उलटण्याचं प्रमाण घटतं. मात्र ती चाचणी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची होती. टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगात योगासनांची रीतसर चाचणी घेतली, रुग्णांना झेपतील अशी आसनं ठरवली, हे काम मोलाचं आहे. 2022 मध्ये वर्तमानपत्रांनी त्यातला ‘15 टक्के’ एवढाच आकडा उचलून मथळे केले, हे तितकंसं नाही. आयुष्य वाढेल या आशेवर व्यायाम विकला, की रोग उलटलेल्या बाईच्या माथी दोष येतो. फिरायला जात नव्हतीस ना? आधीच तिच्या खाण्यावर, लग्नाच्या वयावर, अंगावर पाजलं की नाही यावर बोलून झालेलं असतं. अमेरिकेतल्या कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी 1980 मध्ये आपल्या कर्करोगाच्या नोंदी छापल्या, बार्बरा एहरनराइख यांनी 2001 मध्ये गुलाबी रिबिनीच्या बाजारावर लेख लिहिला. दोघींचा राग या सक्तीच्या हसतमुखपणावर होता. लॉर्ड यांना भेटायला आलेली ‘रीच टू रिकव्हरी’ची स्वयंसेविका खोटा स्तन घेऊन आली होती, जणू काही घडलंच नाही असं दिसावं म्हणून. त्या संस्थेची दुसरी बाजूही मात्र विसरू नये. न्यूयॉर्कच्या टेरिझ लॅसर यांनी स्वतःच्या ऑपरेशननंतर 1952 मध्ये ती सुरू केली तेव्हा रुग्ण बायकांना भेटायला जाताना त्या दोरी आणि चेंडूही नेत, हात कसा हलवायचा हे दाखवण्यासाठी. डॉक्टर ज्याबद्दल बोलत नव्हते ते एका रुग्ण बाईने दुसरीला दाखवलं. मला या वारशातला चेंडू हवा आहे.

म्हणजे व्यायामाचं कारण आजच्या जगण्यातच शोधायला हवं. हात वर जातो, झोप लागते, जिना चढवतो, नातवाला कडेवर घेता येतं, हे आयुष्याची वर्षं न वाढवताही मिळत असेल तर तेवढ्यासाठी ते करण्यासारखं आहे. आणि नाही जमलं एखाद्या आठवड्यात तर कुणाचा गुन्हा झालेला नाही.

पण हे कारण घरात टिकवायला वेळ आणि जागा लागते. 2022 मध्ये भारतातल्या सुमारे 57 टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल आरोग्यासाठी पुरेशी नव्हती, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा अंदाज आहे. पावणेपाच तास राबणाऱ्या बायकांच्या देशात हे प्रमाण! एकाच वेळी दमलेल्या आणि व्यायाम न झालेल्या. खेड्यात बाई विनाकारण रस्त्याने चालली तर ‘कुठं निघालीस?’ विचारतात, सरपण, शेत, नळ, देऊळ यांपैकी काहीतरी उत्तर द्यावं लागतं. शहरात बागा आहेत, पण सकाळी साडेसहाला डबा करणाऱ्या बाईला बाग कधी दिसायची? शिवाय एका बाजूची छाती सपाट झालेली, डोक्यावर केमोनंतरचे कोवळे केस, आणि ट्रॅकवरून जाताना लोकांच्या नजरा. म्हणून घरातल्या मुलांनी, नवऱ्याने, जावेने विचारायचं ते ‘काही मदत करू का’ असं नव्हे. सकाळचा अर्धा तास कुणाचा, हे ठरवून टाकायचं. त्या अर्ध्या तासात चहा, डबा, सासूबाईंची औषधं दुसऱ्याच्या नावावर. पहिल्या सहा महिन्यांत बहुतेक घरं हे करतातही, आजारीपणाची दया म्हणून. सातव्या महिन्यापासून ते घराचा नियम म्हणून चालायला हवं, आणि बाईने बरी दिसायला लागल्याची शिक्षा म्हणून तो अर्धा तास परत देऊ नये.

रुग्णालयांकडून मागायचं आहे ते फार महाग नाही. आपल्या सरकारी योजना आणि खासगी विमा मुख्यतः भरती होण्याभोवती, शस्त्रक्रिया-केमो-रेडिएशनभोवती उभे आहेत. पुढचं वर्ष-दोन वर्षं हाताकडे बघण्याच्या भेटींना त्यांत जागा अपुरी आहे. मुंबईत शस्त्रक्रिया झालेल्या बाईला नांदेडला किंवा रत्नागिरीला आपल्या जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट दाखवता आला, आणि त्याला या हाताचं काय करायचं हे शिकवलेलं असलं, तर अर्धं काम होईल. निदान ऑपरेशनआधी दोन्ही हातांचा घेर मनगट, कोपर, दंड अशा ठरलेल्या जागी टेपने मोजून केसपेपरवर लिहावा. उजव्या हाताने काम करणारीचा उजवा हात मुळातच किंचित जाड असतो. आधीचा आकडा नसेल तर नंतर सूज आली की नाही यावर वाद घालत बसावं लागतं. आज बहुतेकींना ती कळते बांगडी चढेनाशी झाल्यावर किंवा पोलक्याची बाही रुतायला लागल्यावर, आणि तोवर हातात साचलेलं द्रव काही प्रमाणात घट्ट होऊन बसलेलं असतं. दर तीन महिन्यांनी तीच टेप, त्याच जागा, तेच दोन हात. वाढ सुरुवातीलाच दिसली तर स्लीव्ह आणि व्यायाम यांनी ती आटोक्यात राहण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते, आणि हे मोजमाप गावातली आशाताईसुद्धा शिकून करू शकेल.